उणे तीसमध्येही कातडं का नासतं? ट्रॅपलाइनवरच्या फरची निगा, सापळ्यापासून लिलावापर्यंत

कॅनडाच्या उत्तर भागातल्या सूचिपर्णी जंगलात जानेवारीत पारा उणे ३०च्या खाली उतरतो. एवढ्या थंडीत कातडं नासेल कसं, असं कुणालाही वाटेल. तरीही दर हंगामात चांगल्या प्राण्यांची कातडी पोटावर हिरवी पडतात, हात लावला की केस सुटून येतात, नाहीतर वरून ठीक दिसणारं कातडं कमावणीच्या हौदात फाटतं. नासण्याची सुरुवात बाहेरच्या थंडीत होतच नाही. पहिल्यांदा ती होते प्राण्याच्या स्वतःच्या अंगातल्या उबेत आणि दुसऱ्यांदा केबिनमधल्या शेगडीजवळ. मधली थंडी नासणं थोपवून धरते, एवढंच तिचं काम. म्हणून या लेखातली जवळजवळ प्रत्येक सूचना ऊब कुठे साठते आणि ओल कुठे अडकते याभोवती फिरते.

ट्रॅपलाइन म्हणजे सापळे लावायचा ठरलेला मार्ग. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत तो सरकारदरबारी नोंदलेला असतो. त्या पट्ट्यात कोणते प्राणी, कोणत्या महिन्यांत, कोणत्या सापळ्यांनी धरायचे आणि सापळे किती वेळाने तपासायचे हे प्रांताचा कायदा ठरवतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशी शिकार गुन्हा आहे. त्यामुळे इथली माहिती उत्तर अमेरिकेतल्या परवानाधारक व्यवसायाची आहे आणि ती तिथेच लागू पडते.

नासणं सुरू कुठून होतं

मेलेल्या प्राण्याचं अंग सुरुवातीला ३७ ते ३९ अंशांवर असतं. फर ही मुळात ऊब धरून ठेवण्यासाठीच घडलेली गोष्ट आहे आणि प्राणी मेला म्हणून ती आपलं काम थांबवत नाही. लांडगा किंवा मोठा बीव्हर (पाण्यात राहणारा, चपट्या शेपटीचा कुरतडणारा प्राणी) भुसभुशीत बर्फात तसाच ठेवला, तर बाहेर उणे २० असतानाही त्याचं पोट कितीतरी तास कोमट राहतं. ताजा मऊ बर्फ म्हणजे हवेने भरलेली गोधडीच. प्राणी त्यात पुरून ठेवला की तो लवकर गार होईल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

या कोमट तासांत आतड्यातले जिवाणू पोटाच्या भिंतीतून बाहेर पसरतात. पोटाची आणि जांघेची त्वचा हिरवट दिसू लागते. त्याच वेळी केसाच्या मुळाभोवतीची पकड सैल होते. तपासायचं तर पोटाचे आणि जांघेतले थोडे केस दोन बोटांत धरून हलके ओढा. एखाददुसरा केस आला तर काळजी नको. मुळासकट पुंजका आला तर ती जागा गेली. एकदा सुटलेली पकड मिठाने, औषधाने, कशानेही परत येत नाही. वाळल्यावर ते केस जागेवर असल्यासारखे दिसतात खरे, पण कमावताना तिथे टक्कल पडतं.

सापळ्यापाशी

पाण्यात, बर्फाखाली धरलेला बीव्हर किंवा मस्करॅट (पाण्यात राहणारा, मोठ्या उंदरासारखा प्राणी) चांगला टिकतो. तिथलं पाणी शून्याच्या आसपास असतं आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने ऊब ओढून घेतं. जमिनीवरच्या प्राण्यांना ती सोय नसते. सापळ्यातून काढल्यावर तो गरम असेल तर लगेच पोत्यात कोंबू नका. पाय फाकवून, पोट वर करून कठीण बर्फावर किंवा फांद्यांच्या थरावर मोकळ्या हवेत ठेवा. शक्य असेल तर टांगा. पोट गार झाल्याशिवाय दुसऱ्या प्राण्यावर रचू नका. चार गरम खोकडं एकावर एक रचली की मधली दोन रात्रभर उबदार राहतात.

ओल्या प्राण्याची गोष्ट वेगळी. मिंक (मुंगसासारखा लांबट प्राणी), पाणमांजर, बीव्हर पाण्याबाहेर काढल्या काढल्या कोरड्या, भुकटीसारख्या बर्फात लोळवा आणि झटका. कोरडा बर्फ फरमधलं पाणी शोषून घेतो. दोनतीनदा असं केलं की वरचं बरंचसं पाणी निघून जातं. हे केलं नाही तर ओली फर स्लेजला, सापळ्याच्या लोखंडाला किंवा शेजारच्या प्राण्याला चिकटून गोठते आणि मग ओढून काढताना केसांचा पट्टाच मागे राहतो. एखादा प्राणी बर्फाला चिकटून गोठलेला सापडला तर ओढायचं नाही. भोवतीचा बर्फ अंतर ठेवून फोडा आणि ढेकळासकट केबिनवर न्या. तो तिथे सावकाश सुटेल.

उंदीर, चिचुंद्र्या आणि कावळे हे या धंद्यातले न बोलावलेले भागीदार. उंदीर मांसापेक्षा फरच जास्त पळवतात, घरट्यात अंथरायला. एका रात्रीत मार्टेनच्या (मिंकसारखाच, पण झाडांवर चढणारा प्राणी) पाठीवर रुपयाएवढं भोक पाडतात. मार्टेनचा सापळा जमिनीवर न ठेवता तिरक्या टेकवलेल्या खांबावर उंच लावण्यामागे हेही एक कारण आहे. प्राणी बर्फापासून वर लटकलेला राहतो आणि उंदरांच्या हाती लागत नाही.

दस्ताने सोडू नका. मस्करॅट आणि बीव्हरमध्ये तुलारेमिया या माणसालाही लागणाऱ्या आजाराचे जिवाणू असू शकतात आणि ते गोठल्याने मरत नाहीत. उत्तरेकडच्या खोकडांत रेबीज आढळतो. लांडग्याच्या किंवा कोयोटीच्या (लांडग्याहून लहान, कोल्ह्यासारखा प्राणी) विष्ठेतून फीतकृमीची अंडी फरवर चिकटलेली असू शकतात. हाताला चीर असेल तर रबरी दस्ताना आणि काम झाल्यावर साबण, याला पर्याय नाही.

केबिनपर्यंत नेताना

कडक गोठलेला प्राणी वाकवायचा नाही. कान, शेपटी, मिशा काचेसारख्या तुटतात आणि गोठलेले राठ केस मधोमध मोडतात. प्राणी लांबसडक गोठेल अशा स्थितीत सुरुवातीलाच ठेवला तर पुढचा त्रास वाचतो. वाहून न्यायला कापडी किंवा तागाचं पोतं घ्या. गरम किंवा ओला प्राणी प्लास्टिकच्या पिशवीत घालणं म्हणजे त्याला वाफेत ठेवणं. स्नोमोबिलवर (बर्फावर चालणारी गाडी) प्राणी इंजिनापासून, धूर सोडणाऱ्या नळीपासून आणि पेट्रोलच्या डब्यापासून दूर बांधा. तेलाचा डाग फिकट फरवरून पूर्ण जात नाही, आणि लिंक्स या रानमांजराच्या पांढऱ्या पोटावर तर मुळीच नाही.

विरघळवणं: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

दिवसभर उणे तीसमध्ये फिरून आलेला माणूस शेगडी भडकवतो, हे समजण्यासारखं आहे. गोठलेले प्राणी त्याच खोलीत, शेगडीच्या वरच्या दोरीवर लटकवले की गणित बिघडतं. प्राणी बाहेरून आत विरघळतो. कान, पंजे, जांघ, पोटाची पातळ त्वचा तासाभरात मऊ होते आणि गरम होऊ लागते, तेव्हा छातीच्या आत अजून बर्फाचा गोळा असतो. आतला गोळा विरघळेपर्यंत पोटाची त्वचा वीसबावीस अंशांत बारा-चौदा तास काढते. जिवाणूंना एवढा वेळ पुरेसा आहे. दुसऱ्या टोकाला कान आणि ओठ वाळून चामट होतात, मग त्यांच्याभोवती सुरी चालत नाही.

म्हणून विरघळवण्याची जागा वेगळी ठेवा. ५ ते १० अंशांचा कोपरा उत्तम: केबिनची जमिनीलगतची बाजू, शेजारची पडवी, नाहीतर दाराजवळची फळी. जमिनीलगत आणि छताजवळ तापमानात १५ अंशांचाही फरक असू शकतो, तेव्हा थर्मामीटर प्राण्याच्या उंचीवरच टांगा. मार्टेन किंवा मिंकला साधारण एक रात्र पुरते. खोकड किंवा लिंक्सला एक ते दीड दिवस, बीव्हरला दोन दिवस आणि लांडग्याला तीन किंवा जास्त. दर काही तासांनी कूस बदला. कान आणि पंजे वाळू लागले तर ओलसर फडकं गुंडाळा.

पूर्ण विरघळायची वाट पाहायची नाही, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. सोलायला फक्त त्वचा आणि सांधे सुटे हवेत. बोटांच्या मध्ये, काखेत आणि जांघेत बोट दाबून पाहा. तिथे मऊ लागलं आणि त्वचा अंगावर सरकू लागली की सुरी हातात घ्या. आतलं मांस अजून गोठलेलं असेल तर उलट बरं. पोट घट्ट राहतं, फुटत नाही आणि वासही नाही.

एका रात्रीत सोलता येतील तेवढेच प्राणी आत आणा, बाकीचे बाहेर गोठलेलेच राहू द्या. आत आणून पुन्हा बाहेर नेलेला प्राणी दुसऱ्यांदा विरघळताना पहिल्या वेळचे जिवाणू घेऊनच विरघळतो.

सोलण्याआधी आणि सोलताना

आधी कंगवा. काटे, कुसळं, डिंक, गोठलेली माती काढून टाका. कारण नुसतं दिसण्याचं नाही. पुढे चरबी खरवडताना केसांत अडकलेल्या काट्याचा त्वचेखाली उंचवटा येतो आणि सुरा नेमका तिथे भोक पाडतो. रक्त गार पाण्याने धुवा, थोडा भांडी घासायचा साबण चालेल. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. धुतल्यावर फर टॉवेलने टिपून, झटकून कोरडी करा.

लांब अंगाचे प्राणी, म्हणजे मार्टेन, मिंक, खोकड, लिंक्स, कोयोटी, पाणमांजर, पिशवीसारखे सोलतात. मागच्या एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत, पायाच्या मागच्या बाजूने, गुदद्वाराच्या लगत एकच चीर. पाठीची आणि पोटाची फर जिथे मिळते ती रेघ धरून कापा. चीर पोटाकडे घसरली तर वाळवायच्या फळीवर कातडं एका अंगाला वाकडं बसतं. मिंकच्या गुदग्रंथी फुटू देऊ नका, तो वास आठवडाभर जात नाही. शेपटीचं हाड पूर्ण ओढून काढा आणि खालून टोकापर्यंत चिरा. हाड राहिलेली किंवा न चिरलेली शेपटी आतून कुजते आणि वाळल्यावर केस सोडते. पोट ठीक, पाठ सुंदर आणि शेपटीला टक्कल, हे फार वेळा दिसतं आणि दोन मिनिटांच्या कामाने टळलं असतं. डोक्यापाशी घाई नको. कानाची कूर्चा कवटीला लागून कापा, मग डोळे, मग ओठ. पंजे ठेवायचे की मनगटापाशी काढायचे हे ज्या लिलावगृहाला माल जाणार त्याच्या सूचनेप्रमाणे.

बीव्हर उघडा सोलतात. चारही पाय आणि शेपटी काढून हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पोटावरून सरळ एक चीर, मग दोन्ही बाजूंनी सोलत पाठीपर्यंत. खालच्या टोकाला असलेल्या कॅस्टर (बीव्हरच्या वासाच्या) ग्रंथींची जोडी सुरीपासून सांभाळा. त्या वाळवून वेगळ्या विकल्या जातात.

चरबी खरवडणं

वाळलेल्या कातड्यावर राहिलेली चरबी निरुपद्रवी दिसते. ती हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते, कातड्यात मुरते आणि तंतू ठिसूळ करते. महिन्या-दोन महिन्यांत ती जागा पिवळी, काचेसारखी होते आणि कमावताना फाटते. शिवाय चरबीखालची ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणजे तिथे नासणंही चालू राहतं. तेव्हा चरबी काढायचीच.

साधन म्हणजे कंबरेच्या उंचीवर तिरका टेकवलेला, वरून गोल आणि गुळगुळीत केलेला ओंडका आणि दोन मुठींचा सुरा. सुऱ्याची एक कड धारदार, दुसरी बोथट. बहुतेक काम बोथट कडेनेच होतं. कातडं ओंडक्यावर चढवून वरची कड पोटाने दाबून धरा आणि डोक्याकडून शेपटीकडे सुरा ढकला. मानेची आणि खांद्यांची पातळ पडदेदार चरबी आधी सुटली की पुढची आपोआप सरकते. निसटू लागलं तर भरड लाकडाचा भुसा टाका, तो चरबी शोषतो आणि हाताला पकड देतो.

किती खरवडायचं हे प्राण्यावर ठरतं. मार्टेनचं कातडं पातळ असतं. काखेतले आणि जांघेतले चरबीचे गोळे काढले, मान साफ केली की बास. मिंकच्या खांद्यामागे लालसर स्नायूचा थर घट्ट बसलेला असतो. तो ठेवला तरी चालतो, त्यावरचं तेल मात्र पुसून घ्या. पाणमांजर सगळ्यात हट्टी. चिवट पडदा शेपटीपर्यंत चिकटलेला असतो आणि तो पूर्ण काढावाच लागतो, बोथट कड तिथे पुरत नाही. बीव्हरची चरबी जाड असते, पण ओंडक्यावर नीट सुटते. सवय झाल्यावर एका मोठ्या बीव्हरला अर्धा तास धरून चला, सुरुवातीला दोन तास लागले तरी हरकत नाही.

उलट चूकही तेवढीच महाग. जास्त खोल गेलं की केसांची मुळं कापली जातात. आतल्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसू लागले की थांबा, ती मुळं आहेत. अशा जागी फर बाहेरून झडते आणि त्याला उपाय नाही. क्री आणि डेने या तिथल्या मूळनिवासी लोकांत पिढ्यानपिढ्या मूस किंवा कॅरिबू या हरणांच्या पायाच्या हाडाची, दातेरी टोकाची खरवडणी वापरतात. हाड लोखंडासारखं मुळांत घुसत नाही, आणि पातळ कातड्यासाठी आजही त्याहून सुरक्षित साधन क्वचितच मिळतं.

भोक पडलंच तर फळीवर चढवण्याआधी, कातडं ओलं असतानाच, आतल्या बाजूने बारीक सुईदोऱ्याने जवळजवळ टाके घालून शिवा. न शिवलेलं भोक ताणल्यावर तिप्पट होतं. शिवताना केस टाक्यात अडकू देऊ नका.

शेवटी तेल पुसा. बीव्हर किंवा पाणमांजर साबणाच्या गार पाण्यात धुऊन, निथळून, फर बाजूने वाऱ्यावर कोरडी केली की काम झालं. ओल्या फरसकट फळीवर चढवलेलं बीव्हर फळीकडच्या बाजूने उबट वास मारू लागतं.

फळीवर ताणणं

फळी मऊ, हलक्या, गाठी नसलेल्या लाकडाची, साधारण सेंटीमीटरभर जाड, कडा गोल आणि काचकागदाने घासलेल्या. प्रत्येक प्राण्यासाठी लिलावगृहाने ठरवलेला आकार असतो. मापं तिथूनच घ्या, अंदाजाने कापू नका. बसक्या फळीवर वाळलेलं मार्टेन प्रतवारीत लहान धरलं जातं.

कातडं चढवून पाठ एका बाजूला, पोट दुसऱ्या बाजूला बरोबर मध्यावर आणा. डोळे, कान आणि शेपटी एका रेषेत हवेत. पोटाच्या बाजूला फळी आणि कातड्याच्या मध्ये निमुळती पाचर सरकवा. वाळल्यावर कातडं फळीला आवळून बसतं. पाचर ओढली की सैल पडून निघतं, नाहीतर ओढाताणीत फाटतं. खालची कड, मागचे पाय आणि पसरलेली शेपटी खिळपिनांनी बसवा.

ताण बेताचा. ओलं कातडं ओढलं की लांब होतं आणि एक माप वर जाईल असा मोह होतो. पण केस तेवढेच राहतात. तेच केस जास्त जागेवर पसरले की फर विरळ दिसते. प्रतवारी करणारा माणूस ती हातानेच ओळखतो आणि मापात मिळवलेलं दाटपणात जातं.

आधी कातड्याची बाजू बाहेर ठेवून सगळी चढवतात. मिंक, मस्करॅट आणि पाणमांजर शेवटपर्यंत तशीच वाळतात. मार्टेन, फिशर (मार्टेनचाच मोठा भाऊबंद), लिंक्स, खोकड, कोयोटी आणि लांडगा मात्र मध्येच उलटून फर बाहेर आणावी लागते आणि या वेळेवर बरंच अवलंबून असतं. कातडं हाताला कोरडं लागावं, बोटाला चिकटू नये, पण दुमडलं तर मोडू नये. मार्टेनला यासाठी काही तास ते एक रात्र, खोकडाला साधारण एक दिवस लागतो. लवकर उलटलं तर ओल फरच्या आत कोंडते आणि केस सुटतात. उशीर झाला तर डोक्यापाशी आणि पायांपाशी तडे जातात. उशीर झालाच असेल तर कडक जागी ओलसर फडकं तासभर ठेवून मऊ करा, मगच उलटा. उलटल्यावर पुढच्या पायांत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि दुसऱ्या दिवशी बदला. ते पाय काखेपाशी बंद असतात, हवा लागत नाही आणि तिथली ओल शेवटपर्यंत राहते.

बीव्हरसाठी प्लायवुडचा मोठा तक्ता आणि त्यावर आखलेले लंबवर्तुळ. आधी चार खिळे: नाक, शेपटीकडचं टोक आणि दोन्ही बाजू. मग मधल्या जागा अर्ध्या-अर्ध्या करत इंचाइंचावर खिळे, कडेपासून पाव इंच आत. लांबी रुंदीपेक्षा थोडीच जास्त. पुढच्या पायांची भोकं शिवून बंद करा. सगळे खिळे लागल्यावर कातडं तक्त्यावरून उचलून खिळ्यांच्या मध्यापर्यंत वर सरकवा, म्हणजे फरखालून हवा खेळेल. म्हणून खिळे दोन इंचांहून लहान नकोत. मोठा बीव्हर मोजताना लांबी आणि रुंदी इंचांत मिळवतात. बेरीज ६५ किंवा अधिक आली की जुन्या भाषेत त्याला ब्लँकेट म्हणतात.

वाळवणं

१५ ते १८ अंश, मध्यम कोरडी हवा आणि हलता वारा, पण थेट अंगावर नाही. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. कातडी शेगडीपासून निदान दोन मीटर दूर आणि छतापासून खाली.

जास्त ऊब दोन प्रकारे घात करते. कच्च्या, ओल्या कातड्यातलं कोलॅजेन, म्हणजे त्याच्या तंतूंचं प्रथिन, साधारण ६० अंशांच्या पुढे आकसतं, म्हणजे ते शिजतं. धुराड्याजवळ लटकवलेल्या कातड्याची धुराड्याकडची कड एवढी तापू शकते. वाळल्यावर ती चकचकीत, पारदर्शक दिसते आणि कमावणीच्या पाण्यात विरघळून जाते. दुसरा प्रकार गुपचूप होतो. तीसपस्तीस अंशांच्या कोरड्या हवेत वरचा पापुद्रा झटपट कडक होतो आणि आतली ओल आतच राहते. कडक उन्हात घाईने वाळवलेली कुरडई वरून खडखडीत आणि मधे ओलसर राहते, मग डब्यात बुरशी धरते, तसंच हे. बाहेरून कातडं वाजतं आणि आत केसांच्या मुळाशी नासणं चालू राहतं.

उलट फार गार, दमट जागीही चालत नाही. ५ अंशांच्या कोंदट पडवीत बीव्हर दहा दिवसांतही वाळत नाही आणि कडांवर हिरवी बुरशी येते. आलीच तर सौम्य व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि हवा वाढवा.

ठीक जागी मस्करॅट दोन-तीन दिवसांत, मार्टेन तीन दिवसांत, बीव्हर आणि पाणमांजर पाच ते सात दिवसांत वाळतं. शेवटची तपासणी ओठ, कान, काख आणि शेपटीच्या बुडाशी करा. बाकी सगळं वाळून ही चार ठिकाणं ओली असतात.

मिठाचं काय? गाईबकऱ्यांच्या कातड्यांची सवय असलेला माणूस हे आधी विचारतो. लिलावाला जाणाऱ्या जंगली फरला मीठ लावायचं नाही. मीठ हवेतली ओल ओढत राहतं, वाळलेलं कातडं पुन्हा मऊ पडतं, आणि ही फर वाऱ्यावर वाळलेली आहे असं धरूनच खरेदीदार पुढची प्रक्रिया करतो. भुसा भरून प्राणी उभा करणाऱ्यांसाठी किंवा घरी कमावण्यासाठी मीठ ठीक आहे, तो वेगळा रस्ता.

सोलायला वेळ नसेल तेव्हा

गोठवणं हा चांगला उपाय आहे, पण त्यालाही शिस्त लागते. अख्खा प्राणी आधी मोकळ्या हवेत पूर्ण गार होऊ द्या, मग एकेकटा पसरून गोठवा, मग पिशवीत. सोललेलं कातडं गोठवायचं तर चरबी काढून, फर बाहेर ठेवून, कातडी भाग उघडा न राहता गुंडाळी करा आणि पिशवीतली हवा दाबून काढा. गरम कातड्यांचा ढीग फ्रीजरमध्ये टाकला तर मधल्या गुंडाळ्या दुसऱ्या दिवशीही कोमट सापडतात. फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. उघडे कान, पंजे आणि ओठ गोठूनच सुकतात, पुन्हा ओल धरत नाहीत आणि तिथले केस सुटतात. एका मोसमात गोठवलेलं त्याच मोसमात सोला.

साठवण आणि पाठवणी

फळीवरून काढलेली कातडी थंड, अंधाऱ्या, हवेशीर जागी तारेवर ओवून टांगा. प्लास्टिक नको. ऊन लागलं की लिंक्सचं आणि हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या वीझलचं (मिंकहून लहान प्राणी) पांढरं पिवळं पडतं. वसंत ऋतूत तापमान वाढलं की कातडी खाणारे भुंगे येतात. बहुतेक माल त्याआधी गेलेला बरा.

खोक्यात ठेवताना गुंडाळू नका, सपाट ठेवा. फरची बाजू फरला आणि कातड्याची बाजू कातड्याला लागली पाहिजे, आणि चरबीदार जातींच्या मध्ये पुठ्ठा. नाहीतर एकाचं तेल दुसऱ्याच्या फरवर जातं. ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे इथल्या फर हार्वेस्टर्स या लिलावगृहात माल एकत्र येतो, मापाने, रंगाने, केसांच्या पूर्णतेने आणि दोषांनी वेगळा केला जातो. कातड्याची आतली बाजू दुधाळ पांढरी असेल तर फर पूर्ण पिकलेली आणि निळसर-काळी असेल तर केस अजून वाढत होते, म्हणजे प्राणी लवकर धरला. हा दोष कुठल्याही निगराणीने झाकत नाही.

प्रत्येक कातड्याला प्रांताची खूणचिठ्ठी सोलतानाच बांधा, नंतर कुठलं कोणतं हे सांगता येत नाही. लिंक्स, पाणमांजर आणि लांडगा हे साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. देशाबाहेर जाताना त्यांच्यासोबत निर्यात परवाना लागतो, तेव्हा ती खोकी वेगळी भरा आणि चिठ्ठीवरचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा.